ओठांतल्या टाचण्या

मास्तरांनी ड्रेस खिडकीपाशी उजेडात धरला आणि च्च केलं.

"कुणाचा हा?"

"शेजारणीच्या भाचीचा," बायको दारात शेंगा सोलत म्हणाली. "कमरेत सैल करून हवाय."

"लोकांना खाणं आवरत नाही आणि शिंप्याने उसवत बसायचं." मास्तर मशीनपाशी बसले. "आणि उजेड बघ. समोरच्याने मजला काय चढवला, आमची सकाळच गिळली. चहा गारढोण. गुडघा तर..."

गिऱ्हाइकं त्यांना मागे कटकटमास्तर म्हणत. माणूस वाईट नव्हता, हे आधीच सांगितलेलं बरं. कापड विरेल पण त्यांचा टाका सुटणार नाही. तोंड मात्र उघडलं की रडगाणं. टाचण्या ओठांत धरलेल्या असत तेवढा वेळच घर शांत. लेकीला नोकरी लागली तेव्हा म्हणाले, लांब आहे. तिने घर घेतलं तेव्हा म्हणाले, भिंतीला ओल येणार. ओल आली, आणि त्या दिवशी ते दोन घास जास्त जेवले.

उसवायला त्यांनी ड्रेस उलटा केला आणि हात थांबला. गळ्याच्या मागे, आतून, निळ्या दोऱ्याची बारीक फुली होती. लेक चार वर्षांची असताना फ्रॉकची मागची बाजू पुढे घालायची, तेव्हापासून मास्तर तिच्या प्रत्येक कपड्याला ही खूण करत. ती तिशीला आली तरी सवय सुटली नव्हती. या ताग्यातून त्यांनी दहाजणींचे ड्रेस शिवले होते. फुली एकालाच होती.

बायकोने मान वर केली.

"गुडघ्याचं काय म्हणत होतात?"

"काही नाही."

दोन वर्षांपूर्वी लेकीने याच खोलीत लाजत गोड बातमी सांगितली होती. मास्तरांचा आनंद पोटात मावत नव्हता, आणि तोंडातून निघालं होतं, "आत्ताच कुणाला सांगू नका. हल्ली कशाचा काय भरवसा." महिन्याभरात सगळं संपलं. डॉक्टर म्हणाले, असं होतं, यात कुणाचा दोष नसतो. लेकीनेही कधी दोष दिला नाही. फक्त त्यानंतर फोनवर ती त्यांची तब्येत विचारायची, सगळं ऐकून घ्यायची आणि म्हणायची, आईला द्या.

पोटच्या पोरीला आपल्या तोंडाची भीती वाटते, हे मास्तरांना फार लागलं. बायकोचा मात्र राग आला नाही. तिच्या जागी त्यांनीही भाचीचंच नाव पुढे केलं असतं.

"किती सैल करू?" त्यांनी विचारलं.

"आत कापड असेल तेवढं सोडा."

"तेवढं पुरायचं नाही. पुढच्या महिन्यांत..." ते थांबले. "भाचीला सांग, दोन्ही बाजूंना पट्टी जोडतो. त्याच कापडाची."

बायको क्षणभर त्यांच्याकडे बघत राहिली. मग खाली बघून म्हणाली, "सांगते."

चिंध्यांचं अख्खं पोतं त्यांनी जमिनीवर उपडं केलं. हवा तो तुकडा तळाशी सापडला.

दुपारी फोन वाजला. बायकोचे हात ओले होते, म्हणून मास्तरांनीच उचलला.

"बाबा? कसे आहात?"

गुडघा ठणकत होता. समोरच्या मजल्यावर ठोकाठोक चालली होती. सगळं जिभेवर तयार होतं.

"बरा आहे," मास्तर म्हणाले.

"बाबा, काय झालंय? आई कुठे आहे?"

"अगं, इथेच आहे. खरंच बरा आहे मी. सकाळी चहा छान झाला होता."

बायको हात पुसता पुसता थांबली. मास्तर फोन कानाला धरून 'आईला द्या' ऐकायची वाट बघत राहिले.

"बाबा," ती हळूच म्हणाली, "तुम्हाला एक सांगायचंय. पण तुम्ही लगेच काही..."

"सांग," मास्तर म्हणाले.

मांडीवर अर्धा शिवलेला ड्रेस होता. डबीतून चार टाचण्या काढून त्यांनी ओठांत घट्ट धरल्या आणि ऐकू लागले.