किशनरावांचे दोन दिवस

परभणीतल्या एका पार्सल कंपनीच्या गोदामात एकवीस माणसं कामाला होती. त्यांच्या पाळ्या आणि रजा दत्तराव मुकादम तोंडीच जुळवायचे. ते निवृत्त झाले आणि हे सगळं संगणकावर आणायचं काम कार्यालयातल्या धनश्रीकडे आलं. दोन महिने खपून तिनं ते बसवलं. रोज किती माल येणार, त्याला किती माणसं लागणार, हे संगणकच बघायचा आणि मोबाईलवर रजा मंजूर किंवा नामंजूर करायचा. एक नियम तिनं स्वतःच्या डोक्यानं घातला होता : ज्याच्या रजा आधीच जास्त झाल्यात, त्याचा नंबर शेवटी.

रजेवरून होणारी भांडणं थांबली. मालकांनी तिचं कौतुक केलं.

पाचव्या महिन्यात तिच्या लक्षात आलं की वजनकाट्यावरचे किशनराव रजाच मागत नाहीत. पूर्वी दर महिन्याला सलग दोन दिवस घ्यायचे. नव्या पद्धतीत तीनदा अर्ज केला; रजा आधीच जास्त, म्हणून तिन्ही वेळा नामंजूर. मग अर्ज बंदच.

जेवणाच्या सुट्टीत ती काट्यापाशी गेली. "काका, रजा का टाकत नाही तुम्ही?"

किशनरावांनी डबा झाकला. "आता गरज न्हाई, म्याडम."

"आधी कशाला घ्यायचात?"

"बहीण हाय माझी, तानुबाई. राणीसावरगावला धाकट्या भावाकडं ऱ्हाती. लहानपणापासून डोक्यानं बरी न्हाई. कुणाला हात लावू देत न्हाई. मी गेलो की पहिला दिवस नुसता अंगणात बसायचो. दुसऱ्या दिवशी 'दादा' म्हणत आपणहून जवळ यायची. मग तिचे केस धुवायचो, विंचरायचो, नखं काढायचो. एका दिवसात न्हाई होत ते. दत्तरावला ठाऊक होतं."

"मला सांगायचं ना!"

"कुठं सांगू? मोबाईलमधी रजेची चारच कारणं हायेत. त्यातलं एकबी आमचं न्हाई."

"मग गेलाच नाहीत?"

"मागच्या महिन्यात खाडा करून गेल्तो. मला बघून किंचाळली अन् कोपऱ्यात जाऊन बसली. केसांच्या जटा झाल्या, उवा पडल्या, म्हणून भावजयीनं चौघींला धरायला लावून डोकं भादरलं व्हतं. लय रडली म्हणं. तवापासून माणूस दिसलं की डोकं झाकून घेती. मलाबी वळखंना झाली."

धनश्री त्यांच्या शेजारी पार्सलांच्या गठ्ठ्यावर बसली. "तो नियम मी घातला होता, काका."

"तुमाला काय म्हाईत," किशनराव म्हणाले. त्यांच्या आवाजात राग नव्हता. तो असता तर तिला बरं वाटलं असतं.

संध्याकाळी तिनं तो नियम काढून टाकला. नामंजुरी देण्याआधी माणसानं माणसाला फोन करून विचारायचं, असं ठरवलं. मालक कुरकुरले, "एकाला दिली की सगळे मागतील."

"मागू द्या. विचारू तरी," ती म्हणाली.

किशनरावांचे दोन दिवस दर महिन्याला राखून ठेवले गेले. ते पुन्हा जाऊ लागले. पहिल्या खेपेला तानुबाई खोलीबाहेर आलीच नाही. दुसऱ्या खेपेला भिंतीकडं तोंड करून भाकर खाल्ली. दिवाळीनंतर एकदा उंबऱ्यापर्यंत आली, त्यांच्याकडं बघत राहिली आणि परत आत गेली.

"दादा म्हणाली का?" धनश्रीनं विचारलं.

"न्हाई," किशनराव म्हणाले आणि पुढचं पार्सल काट्यावर ठेवलं.