चमचा खाली ठेवायचा नाही

राज्यपालांच्या पत्नीला सगळं काही येत होतं, एक सावकाश जेवणं सोडून.

त्यात बिचारीचा तरी काय दोष? अर्धं आयुष्य रुग्णालयात परिचारिका म्हणून गेलेलं. घास तोंडात आणि कान वॉर्डातल्या घंटेकडे, अशी जेवायची सवय. देवाच्या कृपेने नवरा राज्यपाल झाला, राहायला मोठा बंगला आला, दारात पहारेकरी उभे राहिले, पण जिभेला कोण सांगणार की आता घंटा वाजणार नाही म्हणून?

आणि त्या बंगल्याची एक रीत होती. मेजवानीत यजमानीणबाईंनी चमचा खाली ठेवला की जेवण संपलं. लगेच वाढपी पुढे होत आणि सगळ्यांच्या ताटल्या उचलत. ही रीत इतकी जुनी, की ती कुणाला ठाऊक नसेल असं कुणाच्या मनातही आलं नाही. त्यामुळे बाईंना ती कुणी सांगितलीच नाही.

पहिल्याच मेजवानीत बाईंनी भराभर जेवून, समाधानाने चमचा ठेवला. झालं! पांढऱ्या हातमोज्यांची फौज आली आणि ताटल्या गायब. न्यायाधीशांचा घास हवेतच राहिला. महापौरांनी तर ताटली दोन्ही हातांनी धरून ठेवायचा प्रयत्न केला, पण वाढपी कसलेला होता. फाटकाबाहेर पडलेल्या झाडून सगळ्या गाड्या कोपऱ्यावरच्या खाणावळीपुढे थांबल्या, आणि दुसऱ्या दिवशी गावभर 'उपाशी मेजवानी'ची चर्चा.

सचिव फार सभ्य गृहस्थ. ते घसा साफ करून म्हणाले, "बाईसाहेब, पुढच्या मेजवानीला आपल्याला जरा सर्दी झाली तर?"

"सर्दी? मला?"

"थोडीशीच. वरच्या मजल्यावर विश्रांती घेण्यापुरती."

बाईंनी नवऱ्याकडे पाहिलं. नवरा वर्तमानपत्राच्या आड गेला.

"अहो, तोंड बाहेर काढा! पुढची मेजवानी कसली आहे ठाऊक आहे ना? आमच्या रुग्णालयातल्या मेट्रनबाईंच्या सत्काराची. त्यांनी मला हाताला धरून शिकवलं. मला सर्दी झाली म्हटलं तर त्या औषध घेऊन जिना चढून वर येतील!"

वर्तमानपत्र हळूच खाली आलं. "बरं बाई. पण एवढी एकच संधी. या वेळी कुणी अर्धपोटी उठलं, तर पुढच्या सगळ्या मेजवान्यांना तुला सर्दी. आहे कबूल?"

"आहे कबूल!"

कबूल तर झाल्या, पण हे जमलं नाही तर? माणसांना जेवू घालणं हा त्यांच्या जिवाचा आनंद. आपल्याच घरात पंगत बसलेली आणि आपण वर खोटं शिंकत पडायचं, हे कसं सोसणार?

सत्काराच्या दुपारी दालन उन्हाने उजळलेलं होतं. बाईंच्या उजव्या हाताला मेट्रनबाई बसल्या. पूर्वी ज्यांच्या नुसत्या चाहुलीने वॉर्ड सरळ व्हायचा, त्या आता मुठीएवढ्या झालेल्या. हात थरथरत होते, कवळी नवी होती. एकेक घास तोंडापर्यंत पोचायला मोठा प्रवास करत होता.

सूप झालं, भाज्या झाल्या. बाकी सगळ्यांच्या ताटल्या रिकाम्या झाल्या. बाईंची तर केव्हाच झाली होती, तरी त्या चमचा मुठीत धरून रिकामी ताटली ढवळत होत्या. पाठीमागे वाढपी हात पुढे करून ताटकळलेला. अर्थमंत्री घड्याळ बघू लागले. बोलणं विरत गेलं, आणि एकेक करत सगळ्यांच्या नजरा त्या एका थरथरत्या हातावर येऊन बसल्या.

मेट्रनबाईंच्या ते लक्षात आलं. त्यांनी हात मागे घेतला.

"झालं हो माझं. पोट भरलं."

ताटली अर्धी भरलेली होती.

सचिव कानाशी वाकले. "बाईसाहेब, आता ठेवायला हरकत नाही."

पण वॉर्डात हेच वाक्य बाईंनी किती तोंडांतून ऐकलं होतं! ज्याला भरवायला वेळ लागतो, त्याचं पोट नेहमी लवकर भरतं. याला भूक नसणं म्हणत नाहीत, याला लाजणं म्हणतात. आणि लाजणाऱ्या माणसाला काय हवं असतं? बाकीच्यांनी दुसरीकडे बघायला हवं असतं.

बाई उभ्या राहिल्या. चमचा हातातच. आणि सकाळी वॉर्डाचे पडदे सारताना म्हणायच्या ते गाणं त्यांनी मोकळ्या गळ्याने उचललं:

"सरली रात, सरलं दुखणं,
दारी उभं ऊन देखणं!"

सचिवांनी डोळे मिटून घेतले. पण राज्यपाल? लग्नाआधी पाय मोडून त्याच वॉर्डात पडलेला तो माणूस! हे गाणं ऐकूनच तर तो बायकोच्या प्रेमात पडला होता. राज्यपालांची बोटं टेबलावर ठेका धरू लागली. अर्थमंत्र्यांनी घड्याळावर बाही ओढली आणि ओळ झेलली, जराशी बेसूर, पण मनापासून. न्यायाधीश डोलू लागले. बाई चमचा हवेत नाचवत एकेकाला गाण्यात ओढत होत्या आणि सगळं दालन त्या चमच्याकडे बघत होतं. नाम घेताना माणसाला मी-तूपण विसरायला होतं ना, तसं त्या घटकेला झालं. कोण मोठं, कोण धाकटं, कुणाला आठवेना.

आणि त्या गजराच्या आडोशाला मेट्रनबाई निवांत जेवत होत्या. एक घास, दुसरा घास. शेवटी त्यांनी पावाच्या तुकड्याने ताटली स्वच्छ पुसून घेतली, तोंड टिपलं आणि त्याच जुन्या, वॉर्ड सरळ करणाऱ्या आवाजात बाईंना माहेरच्या आडनावाने हाक मारली.

"भिंगरे!"

गाणं जागच्या जागी थांबलं. राज्यपालांची बोटंसुद्धा.

"दुसऱ्या कडव्यात अजून तिथेच घसरतेस."

"हो, मेट्रनबाई."

"आणि ठेव तो चमचा आता. हात दुखेल."

बाईंनी चमचा ठेवला. ताटल्या खणखणत उचलल्या गेल्या आणि दालन हास्याने भरून गेलं. कोपऱ्यावरचा खाणावळवाला मात्र जादा खुर्च्या मांडून वाट बघत बसला. एकही गाडी थांबली नाही.

संध्याकाळी सचिव घसा साफ करत आले. बाईंनी आधीच हात जोडले. "आता काय व्हायचंय मला? खोकला?"

"नाही, बाईसाहेब. पुढच्या मेजवानीचं विचारायचं होतं," सचिव म्हणाले आणि चक्क लाजले. "अर्थमंत्र्यांचा निरोप आहे. दुसरं कडवं त्यांना आधी शिकवून ठेवाल का?"