आल्याची तारीख

“फुकट म्हणजे पूर्ण फुकट?” कांचनताईंनी विचारलं. “मग बनवणाऱ्याला काय मिळतं?”

केयूर टेबलामागे वाकून स्कॅनरची वायर ओढत होता. “काही नाही, बेन. ओपन सोर्स आहे. शंभरेक लोकांनी मिळून बनवलंय. ज्याला जे सुधारावंसं वाटलं ते त्याने सुधारलं.”

“म्हणजे कोणीही हात घालतं.”

“एम नहीं, तसं नाही.” तो घाम पुसत वर आला. पस्तिशीचा, पोट सुटलेला, बोलण्यात निम्मं गुजराती. आजवा तलावाकडे राहणारा बडोद्याचाच मराठी माणूस. “हात सगळ्यांच्या देखत घालावा लागतो. तुम्ही केमिस्ट्रीवाल्या ने? प्रयोगाची कृती छापलेली असते, कोणीही करून बघू शकतो. तसंच.”

“कृती छापली म्हणून निकाल खरा ठरत नाही,” कांचनताई म्हणाल्या. “करून बघावं लागतं.”

दूधवाला बदलला की वाटीत दूध घेऊन आयोडीनचा थेंब टाकून बघणाऱ्या त्या बाई होत्या. निळं झालं नाही, तरी महिन्याभराने पुन्हा बघत. भेंडी घेताना प्रत्येकीचं टोक मोडत, आणि भाजीवाल्यांची बोलणी शांतपणे ऐकून घेत. बडोद्याजवळच्या नंदेसरीतल्या या कारखान्यात रंगांची रसायनं तयार होत, आणि तिथे तयार होणारा प्रत्येक कागद एकतीस वर्षं त्यांच्या हाताखालून गेला होता. बॅचचे कागद, लॅबचे रिपोर्ट, दुरुस्तीचे परवाने, चाचण्यांचे दाखले. कागद आला की आवक रजिस्टरात नंबर, तारीख, सही. अजून तीन महिन्यांनी त्या निवृत्त होणार होत्या, आणि आता हे सगळं त्या फुकटच्या सॉफ्टवेअरमध्ये जाणार होतं.

जायला त्यांची हरकत नव्हती. संशय होता तो वेगळाच. कपाटात उरलेली रजिस्टरं २००५ पासूनची होती, मग प्रतापरावांनी सुरुवात २०१६ पासून करायला का सांगितलं?

दुपारी प्रतापराव स्वतःच वर आले. ते प्लांटचे मॅनेजर. आजोबा संस्थानच्या कचेरीत अधिकारी होते, त्यामुळे बोलणं अजून जुन्या वळणाचं, आवाज कधी चढायचा नाही.

“काय म्हणतंय नवं यंत्र, कांचनताई? त्रास तर देत नाही ना?”

“अजून ओळख व्हायची आहे, साहेब. २०१६ च का आधी?”

“परदेशी गिऱ्हाईक येतंय ऑडिटला. दहा वर्षांचं रेकॉर्ड मागितलंय त्यांनी.” त्यांनी एक रजिस्टर उघडून दोन पानं उलटली. “अक्षर काय सुरेख आहे तुमचं. फक्त ही बाजूची पेन्सिल तेवढी पुसून घ्या. स्कॅन स्वच्छ दिसायला हवं. आणि सॉफ्टवेअरमध्ये तारखेचे दोन रकाने आहेत म्हणे, कागदाची आणि आल्याची. जुन्या कागदांना दोन्हीकडे एकच टाका. उगाच घोळ नको.”

“आणि रजिस्टरं?”

“एकदा आत गेली की ठेवायची कशाला? जागा अडते. बॉयलरकडे पाठवून देऊ.”

ते गेल्यावर अर्ध्या तासाने प्यून एक पुडकं ठेवून गेला. आत डझनभर नवीकोरी खोडरबरं होती.

केयूरने एक उचलून वास घेतला. “शाळेतली आठवण आली. बेन, ही पेन्सिल आहे तरी कसली?”

कांचनताईंनी चष्मा पुसला. मग त्याला सांगितलं.

त्यांच्या आधी इथे गजेंद्रभाई होते. त्यांनी पहिल्याच दिवशी शिकवलं होतं, रोज संध्याकाळी रजिस्टरात दोन ओळी मोकळ्या सोडायच्या. रात्रपाळीचे कागद दुसऱ्या दिवशी सकाळी हातात येत, पण ते असत आदल्या दिवशीचे. त्यांना आदल्या दिवशीची ओळ द्यायची. ओळ लागली नाही तर रिकामीच ठेवायची. ते पटलं तरी कांचनताईंना एक गोष्ट खटकत राहिली. कागद एका दिवशी येतो आणि नोंद दुसऱ्या दिवशीची होते, मग तो खरा आला कधी, हे कुठेच राहत नाही. म्हणून त्यांनी स्वतःपुरती सवय लावून घेतली. मोकळी ओळ कागदाला दिली, की समासात पेन्सिलने बारीक लिहायचं, आ., आणि पुढे आल्याची तारीख.

“कोणी सांगितलं नव्हतं?” केयूरने विचारलं.

“नाही. पण मोजमाप घेतलं की ते कधी घेतलं हेही लिहावं.”

“मस्त आहे ने. मग पुसायचं कशाला?”

त्यांनी पुडकं टेबलाच्या कोपऱ्यावर सरकवलं. हा माणूस प्रतापरावांनी आणलेला होता.

संध्याकाळी तो गेल्यावर त्यांनी मार्च २०१६ चं पान उघडलं. शोधावं लागलं नाही. नऊ मार्च, नंबर ६२१, ॲसिड लाईनच्या दाब चाचणीचा दाखला, चाचणी समाधानकारक. समासात फिकट झालेली पेन्सिल: आ. १४/३.

अकरा मार्चला ती लाईन सांध्याजवळ फुटली होती. जनार्दन तिथे ऑपरेटर होता, भुसावळकडून आलेला, पंचेचाळिशीचा. त्याचा डावा डोळा गेला. चौदाला सकाळी प्रतापराव वर आले आणि त्यांनी दाखला टेबलावर ठेवला. “रात्रपाळीत राहून गेला होता. नऊची ओळ आहे ना मोकळी?” ओळ मोकळी होती. कांचनताईंनी ती दिली. रात्रपाळीचा कागद पाच दिवस कुठे होता, हे त्यांनी विचारलं नाही. शाईने लिहायची हिंमत झाली नाही, आणि न लिहिणंही जमलं नाही. चौकशीत तो दाखला दाखवण्यात आला. लाईन तपासलेली होती, तेव्हा चूक ऑपरेटरची, असा शेरा जनार्दनच्या कागदांवर बसला आणि त्याला घरी बसवलं. पुढे तो बायकोबरोबर खंडेराव मार्केटमध्ये भाजी विकायला लागला. तेव्हापासून कांचनताई मार्केटात पलीकडच्या दाराने जात.

आता पान स्कॅन झालं की पेन्सिल जाणार. रजिस्टर बॉयलरमध्ये गेलं की पानही जाणार. उरणार फक्त नऊ मार्च.

दुसऱ्या दिवशी त्यांनी प्रयोग मांडला.

“केयूर, हा कँटीनचा मंगळवारचा मेनू. याला आपल्या सॉफ्टवेअरमध्ये टाकते.”

“मेनू?”

“बघ तर.” त्यांनी कागद चढवला. पाच मिनिटांनी नोंदीत शेव-टमाट्याच्या जागी दुधी केला. “आता तुझ्या लॉगिनने हे उडव.”

“दुधीवर एवढा राग?” हसत त्याने बटण दाबलं. मेनू यादीतून गेला.

“आता दाखव, काय उरलं.”

त्याने दुसरी खिडकी उघडली. कांचन दिघे यांनी नोंद केली, अकरा बेचाळीस. कांचन दिघे यांनी बदल केला, अकरा सत्तेचाळीस. केयूर यांनी काढून टाकली, अकरा अठ्ठेचाळीस. खाली शेव-टमाटा जसाच्या तसा होता.

“आता हेही पुस.”

“नाही पुसता येत, बेन. तसं बटणच नाही.”

“बटण नसेल. पण तू आतून गेलास, जिथे हे सगळं साठतं तिथे, तर?”

केयूरने खुर्ची थोडी मागे सरकवली. “गेलो तर होईल,” तो म्हणाला. “खोटं कशाला बोलू. पण प्रत्येक नोंदीत आधीच्या नोंदीचा ठसा असतो. मधली एक काढली की पुढच्या सगळ्या बिघडतात, आणि ते लगेच दिसतं. शिवाय रोज साडेपाचला एक प्रत कंपनीच्या अहमदाबादच्या ऑफिसला जाते. तिथे माझा हात पोचत नाही. साहेबांचाही नाही.”

कांचनताईंनी बदलांची खिडकी पुन्हा एकदा वरून खाली वाचली. कालपासून त्याने बहुतेक प्रश्नांना “होऊन जाईल” असं उत्तर दिलं होतं. “गेलो तर होईल” हे पहिलं उत्तर होतं, ज्यावर त्यांना विश्वास ठेवावासा वाटला.

“साहेबांनी तुला पेन्सिलबद्दल काही सांगितलंय?”

“सांगितलं ने. काळं-पांढरं स्कॅन करायचं, म्हणजे फिकट काही येणार नाही. मला वाटलं, फाईल लहान व्हावी म्हणून.” त्याने त्यांच्याकडे बघितलं. “तसं नाही, बराबर?”

त्यांनी मार्चचं रजिस्टर त्याच्यापुढे उघडून ठेवलं आणि समासावर बोट टेकवलं. मग जनार्दनबद्दल सांगितलं, चार वाक्यांत. लॅबच्या रिपोर्टमध्ये लिहावं तसं.

केयूरने डबा उघडला, एक थेपला त्यांच्यापुढे केला, स्वतः एक खाल्ला. हात पुसून तो स्कॅनरजवळ गेला आणि सेटिंग काळं-पांढरं होतं ते रंगीत केलं.

“फाईल मोठी होईल,” कांचनताई म्हणाल्या.

“होऊ दे. जागा खूप आहे. माझं काम पुढच्या आठवड्यात संपतं. तुमचं काय?”

“माझे तीन महिने आहेत.”

“साहेब तुम्हाला सोडणार नाहीत, बेन.”

“ओळ मी दिली होती, केयूर. नाही सोडलं तर काही चुकीचं नाही.”

पान काचेवर पालथं पडलं. उजेडाची पट्टी सरकत गेली. पडद्यावर आधी निळ्या रेघा आल्या, मग काळी शाई, आणि सगळ्यात शेवटी, नीट बघितलं तरच कळेल अशी, राखाडी पेन्सिल.

पाच वाजून दहा मिनिटं झाली होती. कांचनताईंनी ६२१ ची नोंद उघडली. कागदाची तारीख, नऊ मार्च. आल्याची तारीख या रकान्यात त्यांनी चौदा मार्च टाकली. खाली शेऱ्याची जागा होती. पेन्सिलने दोन आकडे लिहायला त्यांना त्या सकाळी जितका वेळ लागला होता, त्याहून आता कमी लागला. ‘हा दाखला अपघातानंतर तीन दिवसांनी, चौदा मार्चला सकाळी, प्लांट मॅनेजरांनी आणून दिला. त्यांच्या सांगण्यावरून त्याला नऊ मार्चची मोकळी ओळ मी दिली. कांचन दिघे.’

एकदा वाचून बघितलं. ‘मी’ पुढे ‘नाइलाजाने’ जोडावंसं वाटलं, पण जोडलं नाही. सेव्ह केलं. मग बदलाच्या खिडकीत जाऊन आपलं नाव आणि वेळ बघून घेतली. साडेपाचपर्यंत त्या तशाच बसून राहिल्या. प्रत गेल्याची हिरवी खूण आली, तेव्हा पर्स उचलली. खोडरबरांचं पुडकं टेबलाच्या कोपऱ्यावर होतं. केयूरने वासासाठी काढलेलं एक आत ठेवून त्यांनी ते पुन्हा बांधलं आणि खाली प्रतापरावांच्या केबिनबाहेर प्यूनच्या हातात दिलं.

“साहेबांना सांग, लागली नाहीत.”

कंपनीच्या बसने त्यांना मार्केटाजवळ सोडलं. त्या दिवशी त्या अलीकडच्या दाराने आत गेल्या. जनार्दन तिसऱ्या ओटल्यावर होता. केस पांढरे झालेले, डाव्या डोळ्यावर काळी काच. समोर भेंडी, गवार, पापडी. बायको मागे मटार सोलत होती.

“कांचनताई,” त्यानेच आधी म्हटलं. “दहा वर्षं झाली. तुम्ही पलीकडून जाता. मला वाटायचं, तिकडचा भाव बरा असेल.”

“भाव नाही,” त्या म्हणाल्या. “मला तुझ्यासमोरून जाता येत नव्हतं.”

त्यांनी चिठ्ठी पुढे केली. शाईने लिहिलेली. “कारखाना निरीक्षकाच्या कचेरीत अर्ज कर. त्यात हा नंबर लिही. म्हण, या दाखल्याची आल्याची तारीख बघा. मला बोलावलं तर मी येईन.”

जनार्दनने चिठ्ठी उजव्या डोळ्याजवळ नेली, मग लांब धरली. “वाचून दाखवा, ताई. अक्षर बारीक आहे.”

अक्षर बारीक नव्हतं. त्यांनी वाचून दाखवलं. “२०१६, नंबर ६२१. ॲसिड लाईन, दाब चाचणी. आल्याची तारीख चौदा मार्च.”

मागे मटार सोलायचा आवाज थांबला.

“चौदा,” जनार्दन म्हणाला. “चाचणी असली की दाबाच्या काट्यापाशी ऑपरेटर उभा करतात. नऊला रात्री मीच पाळीवर होतो. कोणी काटा लावला नव्हता. सगळ्यांना सांगितलं मी. आन चौदाला तर माझ्या दोन्ही डोळ्यांवर पट्टी होती.”

“मला माहीत होतं,” कांचनताई म्हणाल्या.

त्याचा चांगला डोळा त्यांच्यावर स्थिर होता, काचेमागचं काही कळत नव्हतं. त्याने सदऱ्याच्या आतल्या खिशातून एक प्लास्टिकचं पाकीट काढलं. त्यात कंपनीचं जुनं ओळखपत्र होतं, कडा पिवळी पडलेली, फोटोत दोन्ही डोळे उघडे. फोटोच्या मागे त्याने चिठ्ठी सरकवली आणि पाकीट परत आत ठेवलं.

बायकोच्या हातून थोड्या वेळाने मटार पुन्हा टोपलीत पडायला लागले.

“आता काय देऊ?” जनार्दनने विचारलं. आवाज नेहमीच्या गिऱ्हाइकाशी बोलावा तसा होता, कमी नाही, जास्त नाही. “भेंडी कोवळी आहे.”

कांचनताईंनी पिशवी उघडून पुढे धरली. त्याने मुठीमुठीने भेंडी तराजूत टाकली, आणि त्यांनी एकीचंही टोक मोडून बघितलं नाही.