पुन्हा यांच्याबरोबर उतराल का?

रविवारी सकाळी नऊ वाजून अठरा मिनिटांनी विमा तपासनीस बोटीवरून पाण्यात उतरला. नऊ बावन्नला तो वर आला, तेव्हा त्याच्या तोंडात दुसऱ्याच्या टाकीची नळी होती.

ही टाकी ज्या बाईची होती, तिची आणि त्याची ओळख त्याच दिवशी सकाळी आठ चाळीसला झाली होती. ती केस कापण्याचं सलून चालवते. क्लबात नवीन. जोड्या लावायचं काम तपासनिसाच्या मेहुण्याकडे असतं, आणि त्याने दोघांची नावं एका ओळीत लिहिली, कारण तपासनिसाबरोबर उतरायला जुन्यांपैकी कोणी उरलं नव्हतं.

या डायव्हिंग क्लबात एकट्याने कोणी खाली जात नाही. आपली हवा संपली तर जोडीदाराच्या टाकीला लावलेली जादा नळी, एवढाच आधार असतो. म्हणून वर आल्यावर प्रत्येकाला एक छोटं कार्ड मिळतं. त्यावर छापलेलं असतं, ‘पुन्हा यांच्याबरोबर उतराल का?’ खाली दोन चौकोन, हो आणि नाही. कारण विचारत नाहीत. कार्ड पेटीत टाकायचं, पेटी सोमवारी अकराला उघडते, आणि तोवर एकमेकांना विचारायचं नाही. ही पद्धत सुरू व्हायचं कारण साधं आहे. बोटीवर ओल्या केसांनी सगळेच ‘मस्त झालं’ म्हणायचे आणि सोमवारी फोन करायचे, ‘पुढच्या वेळी दुसरं कोणीतरी द्या हं.’

तीन वेळा ‘नाही’ आलं की सभासदाला तीन महिने परत पोहण्याच्या तलावात पाठवतात, उथळ बाजूला. तपासनिसाचे दोन ‘नाही’ झाले होते. एक औषधांच्या दुकानदाराचा, एक गणिताच्या बाईंचा.

कारण कोणी लिहिलं नसलं तरी सगळ्यांना माहीत होतं. जळालेली गोदामं आणि ‘आपोआप’ बुडालेले ट्रक बघण्यात बावीस वर्षं गेलेला हा माणूस. कोणी ‘सगळं ठीक आहे’ म्हटलं की त्याचा हात खिशातल्या वहीकडे जातो. पाण्याखाली जोडीदाराला ‘हवा किती?’ विचारायचं असेल तर तळहातावर दोन बोटं टेकवतात. पाच मिनिटांतून एकदा पुरतं. त्याने एकोणीस वेळा विचारलं, असं गणिताच्या बाईंनी मोजलं. ‘शेवटी शेवटी मला वाटायला लागलं, मीच कुठेतरी आग लावून आलेय,’ असं त्यांनी चहाच्या टेबलावर सांगितलं होतं.

एरवी त्याने तलावातले तीन महिनेही नियमाप्रमाणे पुरे केले असते. पण त्याची मुलगी पुढच्या महिन्यात बारा तारखेला चार दिवसांसाठी घरी येणार आहे. ती दूर शिकते, आणि तिथे डायव्हिंग शिकली. ‘बाबा, या वेळी तुम्ही माझे जोडीदार,’ असं तिने फोनवर म्हटल्यापासून तो पोहायला शिकला, मग डायव्हिंग शिकला. तिसरा ‘नाही’ आला तर ती मामाबरोबर खाली जाईल आणि हा बोटीवर टॉवेल धरून बसेल. मुलीची ही गोष्ट त्याने सलूनवालीलाही सांगितली, ओळख होऊन दहा मिनिटं झाली नव्हती तोच.

“काका, माझा मागचा पट्टा घट्ट आहे का बघा जरा,” ती म्हणाली.

“काका नको. मी एक्कावन्नचा आहे.”

“मग काय म्हणू?”

ऑफिसात त्याला साहेब म्हणतात. पण रबरी सूटमध्ये पोट आत ओढून उभं असताना तसं सुचवणं त्यालाही जमलं नाही.

“काकाच म्हणा,” तो म्हणाला, आणि पट्टा तीनदा ओढून पाहिला.

मेहुणा सुकाणूपासून पुढे आला. “भाऊजी, खाली हवा कितीदा विचारणार?”

“गरज असेल तेवढीच.”

“आकडा सांगा.”

“पाच.”

“पाचच म्हणतील असं ताई म्हणालीच होती. त्याला तीनने गुणायचं म्हणाली.”

“चालेल हो,” सलूनवाली म्हणाली. “माझी गिऱ्हाइकं खुर्चीत बसल्यापासून विचारतात, झालं का, झालं का. सवय आहे मला.”

खाली चौदा मीटरवर पाणी स्वच्छ होतं. त्याने नेमकं किती वेळा विचारलं याबद्दल दोघांचं एकमत नाही. तो चौदा म्हणतो, ती सोळा. पहिल्या चार वेळा तिने बोटांनी नीट आकडा सांगितला. मग ती आपला हवेचा काटा थेट त्याच्या डोळ्यांसमोर धरू लागली. साडेनऊच्या सुमाराला खडकामागून एक मोठा पाकट मासा निघाला, पंख पसरल्यासारखा, आणि सावकाश त्यांच्या खालून गेला. ती हात लांबवून दाखवत होती. तपासनीस त्या वेळी तिचा काटा वाचत होता.

नऊ चव्वेचाळीसला तिने पहिल्यांदा त्याला विचारलं. तळहातावर दोन बोटं.

त्याने आपला काटा उचलला. वर येताना टाकीत पन्नास बार हवा उरायला हवी असा नियम. काटा लाल पट्ट्यात, विसाच्या खाली होता. त्याने काचेवर टिचकी मारून पाहिली. काटा हलला नाही. तिच्याकडे तेव्हा एकशे वीस होते, आणि हे त्याला तिच्याइतकंच पक्कं माहीत होतं.

तिने आपली पिवळी जादा नळी काढून पुढे केली. नळी तोंडात घेण्याआधी त्याने तीही उलटसुलट करून तपासली, असं ती सांगते. त्याचं म्हणणं, फक्त फुंकून पाहिली. मग एकमेकांचं कोपर धरून दोघं वर निघाले. पाच मीटरवर तीन मिनिटं थांबावं लागतं. तिथे समोरासमोर, एकाच टाकीवर, त्याची दोन बोटं सवयीने तळहातापर्यंत गेली. तिने नुसतं बघितलं. त्याने हात खाली घेतला.

बोटीवर मेहुण्याने दोघांना ओढून घेतलं आणि त्याच्या टाकीकडे पाहिलं.

“भाऊजी, यांचा काटा किती वेळा बघितलात?”

“चौदा.”

“सोळा,” ती म्हणाली.

“आणि स्वतःचा?”

“एकदा.”

“कधी?”

“यांनी विचारलं तेव्हा.”

मेहुणा खाली मान घालून दोर गुंडाळू लागला. त्याचे खांदे हलत होते. सलूनवाली केस पिळत होती. तिने ‘मस्त झालं’ म्हटलं नाही, हे तपासनिसाने टिपून ठेवलं.

“काका, पाकट गेला आपल्या खालून. आयुष्यात पहिल्यांदा बघितला मी. वळून बघते तर तुम्ही माझा काटा धरून बसलेले.”

“किती मोठा होता?”

“तुमच्या उरलेल्या हवेपेक्षा मोठा.”

कार्डं वाटली. तपासनिसाने दोन सेकंदांत ‘हो’च्या चौकोनात खूण केली आणि कार्ड पेटीत टाकलं. ती बोटीच्या टोकाला जाऊन बसली. तिथून तिने दुसरं कार्ड मागितलं. पहिलं चुकलं म्हणाली. पहिलं फाडून तिने बॅगेत टाकलं, त्यामुळे त्यावर कुठे खूण होती हे कोणालाच ठाऊक नाही. दुसऱ्याला चार मिनिटं लागली. दोन चौकोनांसाठी चार मिनिटं म्हणजे काय, याचा हिशोब तपासनीस किनाऱ्यापर्यंत करत होता.

घरी बायकोने विचारलं, “काय लिहिलं असेल तिने?”

“विचारायचं नसतं.”

“मग आता काय करणार?”

“उद्या केस कापून घेणार.”

बायकोने त्याच्या डोक्याकडे पाहिलं. “कुठले?”

संध्याकाळी मुलीचा फोन आला. “बाबा, बाराला ठरलं ना?” तो म्हणाला, “उद्या कळवतो.”

सोमवारी दहा वीसला तो सलूनच्या खुर्चीत होता. तिने मानेभोवती कापड गुंडाळलं आणि आरशातून त्याच्याकडे बघत तळहातावर दोन बोटं टेकवली. किती ठेवू?

त्याने दोन बोटं वर केली.

“दोन बोटं ठेवली तर मी कापू काय?”

“मग तुम्हाला योग्य वाटेल तेवढे.”

बावीस वर्षांत हे वाक्य त्याने क्वचितच कोणाला म्हटलं असेल. कार्डाबद्दल विचारायचं नाही हे तो ठरवून आला होता, आणि त्याने विचारलं नाही. कात्री सुरू झाली. भिंतीवरचं घड्याळ आरशात उलटं दिसत होतं. तरी त्याने ते चारदा वाचलं.

“मुलगी बाराला येणार ना?” तिने मध्येच विचारलं.

“हो.”

“तिला खाली कितीदा विचारणार?”

‘पाच’ त्याच्या अगदी ओठांवर आलं. त्याने ते गिळलं.

“आधी माझा काटा बघेन.”

“आणि मासे?”

“दाखवाल ते बघेन.” मग त्याने सुधारणा केली, “दाखवेल ते. ती.”

“मान खाली,” ती म्हणाली.

दहा बावन्नला तिची कात्री त्याच्या उजव्या कानामागे होती. क्लबच्या ऑफिसात मेहुणा पेटीजवळ खुर्ची ओढून बसला होता, किल्ली टेबलावर होती. पेटी अजून उघडलेली नव्हती.