तक्रारीचा पत्ता

यादीवरून खाली सरकणारं मुलीचं बोट एका ओळीवर थांबलं. शिलाई मशीन दुरुस्तीच्या घरच्या दुकानाची वेबसाइट ती सकाळपासून जुन्या कंट्रोल पॅनेलमधून नव्या पॅनेलवर हलवत होती. पानं गेली, फोटो गेले, मेलच्या पेट्याही गेल्या. कुठली मेल पुढे कुणाकडे पाठवायची, हे नियम मात्र आपोआप येत नव्हते. ते हाताने भरायचे होते, आणि जुनं पॅनेल संध्याकाळी पाचला कायमचं बंद होणार होतं.

नियम एकच होता. 'तक्रार' या पत्त्यावर आलेली प्रत्येक मेल सरळ आईकडे.

आता आली का पंचाईत! दुकानात पाऊल ठेवणाऱ्या प्रत्येकाला बाबा छाती फुगवून सांगायचे, "आमच्याकडे तक्रार म्हणून येत नाही." पुढच्या खोलीत या क्षणीही ते कुणाला तरी हेच ऐकवत होते.

"आई, जरा इकडे ये. हे काय आहे?"

आई स्वयंपाकघरातून हात पुसत आली. पडद्यावरची ओळ वाचून तिने आधी दार लोटून घेतलं.

"हळू बोल. त्यांना कळलं तर संपलंच."

"किती तक्रारी आल्यात?"

"वर्षाला चार-पाच. टाका सुटतो, बॉबिन अडकते, असलंच काहीतरी. लग्नाआधी सात वर्षं शिवणकाम केलंय मी, मला नुसत्या आवाजावरून कळतं. जाते, नीट करून येते."

"म्हणजे तुझी ती दोन-दोन तास चालणारी भाजीखरेदी..."

"मग! तेवढ्या वेळात भाजी पिकवूनही झाली असती." आई हसली, पण लगेच गंभीर झाली. "हे बघ, त्यांचा स्वतःच्या हातावर किती विश्वास आहे, तुला माहीत आहे. तो गेला तर माणूस खचेल. नव्यातही मेल माझ्याकडेच येऊ दे."

मुलीला मात्र राहवेना.

"पण हा नियम तू घातलास कसा? तुला साधा फोटो पाठवता येत नाही."

"मी कुठे घातला? वेबसाइटवर काहीतरी करताना ह्यांनीच घोळ घातला असणार, नि मेल चुकून माझ्याकडे यायला लागल्या. देवच पावला म्हटलं आणि गप्प बसले."

मुलीने त्या ओळीचा तपशील उघडला. वेबसाइट अकरा वर्षांची. नियमाची तारीख होती सहा वर्षांपूर्वीची. तिने ती आईला वाचून दाखवली.

आईने बोटांवर महिने मोजले.

"मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, त्याच्या पुढचा महिना. तेव्हा तासन् तास सुईत दोरा ओवत बसायचे आणि स्वतःवरच चिडायचे." तिने पडद्याकडे बोट दाखवलं. "ह्याचा पासवर्ड कुणाकुणाकडे होता?"

"बाबांनी आज सकाळी मला दिला. त्याआधी फक्त त्यांच्याकडे."

आई स्टुलावर बसली. मग एकदम तिचा पारा चढला.

"सहा वर्षं! मी चोरासारखी पिशवीत स्क्रूड्रायव्हर लपवून फिरतेय, आणि हा माणूस बाहेर मिशीला पीळ देतोय!" बोलता बोलता तिचे डोळे भरून आले. "एका शब्दाने सांगायचं ना, की मला आता पूर्वीसारखं दिसत नाही म्हणून."

"मग नव्यात कुणाचा पत्ता घालू?"

"थांब जरा."

ती तडक पुढच्या खोलीत गेली. मागोमाग मुलगीही दारापर्यंत आली. गिऱ्हाईक निघून गेलं होतं आणि बाबा एका मशीनचं चाक हाताने फिरवून बघत होते.

"पुलापलीकडच्या त्या गणवेश शिवणाऱ्या बाईंची मशीन," आई म्हणाली, "टाके सोडतेय. काल मेल आलीय."

चाक थांबलं. कसली मेल, कुणाला आली, असं काहीच बाबांनी विचारलं नाही. त्यांनी चष्मा काढला, सदऱ्याला पुसला, पुन्हा घातला.

"मागच्या सोमवारी केलेली ती," ते म्हणाले. "तू एकटीच जाणारेस, की मीही येऊ?"