माझ्या पसंतीची फरशी

आमचे हे इंदूरच्या मिलमध्ये फोल्डिंग खात्यात सत्तावीस वर्षं कापड तपासत होते. टेबलावरून ताका सरकत जायचा आणि ह्यांची नजर त्यावर. धागा तुटलेला असो की रंग कमी-जास्त झालेला असो, पेन्सिलची खूण पडलीच म्हणून समजा. घरीही तोच कारभार. लग्नात माझ्या शालूच्या काठातला दोष ह्यांनी बोहल्यावर उभ्याउभ्या दाखवला होता. माझे वडील ते जन्मभर विसरले नाहीत.

मग मिल बंद झाली. शेवटी शेवटी सूतच रद्दी यायचं आणि हे ताक्यामागून ताके नापास करायचे. शेवटच्या दिवशी गेटवर कुणीतरी म्हणालं, "पंढरी भिया, थोड़ा माल आँख बंद करके पास कर देते, तो चार महीने और चल जाती." मिल ह्यांच्या पेन्सिलीमुळे बुडाली नाही हे आमच्या गल्लीतलं शेंबडं पोरही सांगेल. पण ते वाक्य ह्यांच्या मनात रुतलं ते रुतलंच. त्या दिवसापासून ह्यांनी कशालाही नाव ठेवणं सोडलं. भाजी अळणी असली तरी 'छान झाली आहे'. इस्त्रीवाल्याने शर्ट जाळला तरी 'असू दे'.

शेजारच्या शारदाताई म्हणायच्या, तुमचे किती शांत झाले हो. चांगलं म्हणणारा नवरा कुणाला नको? मला नको होता. मला माझा खुसपटं काढणारा नवरा परत हवा होता. चार वर्षं मी वाट पाहिली.

त्या पावसाळ्यात मी मोरीजवळ घसरले आणि खुबा मोडला. घरात कोटा दगडाची फरशी, वापरून वापरून तुकतुकीत झालेली. ऑपरेशन झालं, वॉकर आला आणि डॉक्टरांनी बजावलं की पुन्हा पडलात तर अवघड आहे. आमचा सुशांत पुण्याला कंप्युटरच्या नोकरीत. तो फोनवर म्हणाला, "आई, विनाइलच्या पट्ट्या येतात आता. लाकडासारख्या दिसतात, पाय सरकत नाही, थंडही लागत नाहीत. लावून घे, पैसे मी पाठवतो."

तर रिक्षातून आम्ही दोघं सियागंजच्या बाजूला एका दुकानात गेलो. दुकानदाराने मला खुर्ची दिली आणि समोर नमुने मांडले. "भाभीजी, बिलकुल सागवान. पानी गिरे, कुछ गिरे, पोंछ दो." एक पट्टी सुक्या गवताच्या रंगाची होती, शांत, सुरेख. ह्यांची नजर तिच्यावर क्षणभर थांबली. माझीही थांबली होती. आणि तिथेच मला दुर्बुद्धी झाली. मी शेजारच्या लालभडक पट्टीवर बोट ठेवलं. कुणी पान खाऊन पिचकारी मारावी तसा रंग. म्हटलं, आता तरी हा माणूस 'नको' म्हणेल.

"अहो, ही कशी वाटते?"

ह्यांनी पट्टी उचलली, उजेडात तिरपी धरली, अंगठा फिरवला. मग माझ्याकडे पाहिलं. "तुला आवडली?"

"फार."

"मग घेऊन टाक ना. छान आहे."

मला रडू आलं. रागही आला. त्या रागातच मी दुकानदाराला म्हटलं, "हीच पाठवा."

मिस्त्री आला त्या दिवशी मी स्वयंपाकघराच्या दारात खुर्ची टाकून बसले होते. हे खिडकीपाशी पेपर वाचत होते. मिस्त्री दगडावर सोल्युशन फासायचा आणि पट्ट्या चिकटवत जायचा. तिसरी ओळ लागत असताना पेपर खाली आला. पुन्हा वर गेला. पुन्हा खाली आला. हे उठले, पाणी प्यायले, गॅलरीत जाऊन आले. मी मनात म्हणत होते, बोला हो, एकदा बोला.

मिस्त्रीने चौथ्या ओळीसाठी ब्रश उचलला.

"रुको," हे म्हणाले.

दोन पट्ट्या खिडकीपाशी नेऊन ह्यांनी शेजारी शेजारी धरल्या. "ये और ये एक लॉट की नहीं है."

"बाबूजी, सब एक ही है."

ह्यांनी खोकी उलटीपालटी करून पाहिली. सात खोक्यांवर एक नंबर, दोन खोक्यांवर दुसरा. मला विचाराल तर सगळ्या पट्ट्या सारख्याच वाईट दिसत होत्या. पण हे बासष्ट वर्षांचे गृहस्थ गुडघ्यांवर बसले, सगळ्या पट्ट्या उजेडात पसरल्या आणि एकेक वेगळी काढली. मग दुकानात फोन लावला. "नहीं भिया, ऐसा माल नहीं चलेगा. मतलब नहीं चलेगा." चार वर्षांत हा आवाज मी ऐकला नव्हता. पदराने डोळे पुसायला लागले तर मिस्त्री म्हणाला, "अम्माजी, सोल्युशन से आँखें जल रही हैं क्या?" मी म्हटलं, हो.

संध्याकाळी दुकानदार स्वतः दोन खोकी बदलून देऊन गेला. दुसऱ्या दिवशी सगळी फरशी ह्यांच्या देखरेखीखाली लागली. एकसारख्या लाकडी गाठी छापलेल्या दोन पट्ट्या जवळ येऊ नयेत म्हणून प्रत्येक पट्टी हे स्वतः फिरवून मिस्त्रीच्या हातात देत होते.

तेव्हापासून घरात पुन्हा खुसपटं सुरू झाली. आमटीत गूळ जास्त. दूधवाल्याचं माप कमी. माझी चालण्याची ढब चुकीची, उजवा पाय फरपटतो. डॉक्टरांनी सांगितलं नव्हतं एवढं ह्यांनी मला त्या फरशीवर चालवलं आणि दिवाळीपर्यंत वॉकर सुटला. खुर्ची ओढायची नाही, उचलायची, असा नवा नियम निघाला. फोडणी करताना माझ्या हातून हळद सांडली, तिचा डाग राहिला, त्याबद्दल आठ दिवस बोलणी खाल्ली. मी सुखात होते.

दिवाळीला सुशांत आणि सूनबाई आर्या आले. आर्याने दारातच विचारलं, "बाबा, हा रंग... म्हणजे, कोणी सिलेक्ट केला?"

"आईनं," हे ताडकन म्हणाले. "तिला आवडलाय. त्याबद्दल कोणी काही बोलायचं नाही."

पोरगी बिचारी बॅग उचलून आत गेली. मला मात्र चैन पडेना. दुपारी मुलं सराफा बाजारात खरेदीला गेली तेव्हा मी कबूल करून टाकलं. म्हटलं, हा रंग मला कधीच आवडला नव्हता. तुम्ही 'नको' म्हणावं म्हणून बोट ठेवलं होतं.

ह्यांनी वाकून एका पट्टीवर अंगठा फिरवला.

"भिकार रंग आहे," ते म्हणाले. "दुकानातच दिसलं होतं मला."

"मग बोलला का नाहीत?"

"अगं, मिल बंद झाल्यापासून तू कधी काही मागितलं नाहीस. साडी नाही, काही नाही. दुकानासमोरून जाताना मान वळवून बघायचीसुद्धा नाहीस. चार वर्षांत पहिल्यांदा कशावर तरी बोट ठेवून म्हणालीस, हे मला हवं. ते मी कसं नापास करू?"

चार वर्षं मीच काय ती ह्यांच्यावर लक्ष ठेवून आहे, असं मला वाटत होतं.