डाव्या बाजूची रेघ

"उजवीला काही झालेलं नाही, काका. डावी तेवढी करून द्या," म्हणत वायरमनने मोटरसायकलची टाकी टेबलावर ठेवली. वळणावर गाडी घसरली होती. त्याचं कोपरावर निभावलं, टाकीची डावी बाजू मात्र पुढून सोलून निघाली होती. काळ्यावरच्या निळ्या ज्वाळा आणि त्यांच्या कडेने गेलेली बारीक सोनेरी रेघ, आता शाबूत होती ती फक्त सीटजवळ.

पेंटरने ती बाजू पाहिली आणि चष्मा पुसायला घेतला. चष्मा स्वच्छच होता.

"रेघा मी बंद केल्यात. पुढे स्टिकरवाला आहे, त्याच्याकडे जा."

"तो म्हणतो, सगळंच खरवडायचं. काकूंनी नि तुम्ही मिळून केलेली आहे ही. घालवू म्हणता?"

पेंटरने चष्मा परत डोळ्यांवर चढवला. "ठेवून जा," म्हणाला.

टाकीची उजवी बाजू नवऱ्याची आणि डावी बायकोची, अशी त्या घरातली वाटणी होती. बायको डावखुरी. माहेरी त्यापायी तिने बोलणी खाल्ली, सासरी त्याच हाताने पोट भरलं. सगळी गल्ली तिला डावरी म्हणायची आणि तीही खुशाल ओ द्यायची. रंगाचे थर पेंटर एकटाच चढवायचा. आधी काळा, तो वाळला की टेप लावून निळा. टेप काढली की ज्वाळा दिसायच्या, पण त्यांची कड उघडी राहायची. ती झाकायला शेवटी हाताने रेघ ओढायची, आणि त्याला दोघं लागायची. मध्ये स्टँडवर टाकी, अलीकडे हा, पलीकडे ती. लांब केसांचा ब्रश टेकवला की श्वास धरायचा, रेघ संपेपर्यंत ब्रश उचलायचा नाही. दोघांचा वेग सारखा पडला तरच जोडी जमते, असा तिचा हट्ट होता. हा पुढे गेला की रेघ संपल्यावर विचारायची, "गाडी सुटत होती का तुमची?"

ती वारल्यावर ब्रश टेकवून मान वर केली की पलीकडे कुणी नसायचं. म्हणून त्याने रेघाच सोडून दिल्या.

शहाणा कारागीर अशा वेळी अख्खी बाजू घासतो. जुन्या रेघेला नवी जोडणं म्हणजे नसती उठाठेव, सांधा दिसतोच. पेंटरने आजवर हेच सगळ्यांना ठासून सांगितलं होतं. आता ओला पॉलिश पेपर घेऊन तो सीटजवळच्या भागापाशी आला आणि त्याचा हात चालेना. तिच्या रेघा शहरभर फिरत असतील, पण त्याच्या हाताखाली परत आलेली ही एकच होती, तीही वीतभर. एवढी तरी राहू दे, असं त्याला फार वाटलं. तेवढी झाकून त्याने बाकीचं घासलं, खड्डे लांबीने बुजवले, काळा मारला, निळा मारला.

रेघेसाठी त्याने तिचा ब्रश काढला. केसांना तिच्या हाताचं वळण लागलेलं. टाकी आपल्याकडे फिरवून त्याने उजव्या हाताने रेघ ओढली, ती फुगली. पुसली. पुन्हा ओढली, पुन्हा पुसली.

"तुझ्यासारखाच हेकट आहे हा," तो ब्रशकडे बघून मोठ्याने म्हणाला.

शेवटी टाकी सरळ करून तो पलीकडे, तिच्या जागी जाऊन उभा राहिला. तिथे दार पाठीला येत होतं. समोर भिंत आणि भिंतीपुढे त्याची स्वतःची जागा. इतकी वर्षं तिला इथून रस्ता दिसतच नव्हता, आपणच दिसत होतो, हे त्याला आज समजलं. त्याला कधी नव्हे इतकं एकटं वाटलं. ब्रश डाव्या हातात घेऊन त्याने मनगटाला उजव्याचा आधार दिला आणि श्वास धरला. रेघ निघाली. जिथे तिची सुरू होते तिथे थांबायचं होतं, पण श्वास धरलेला असताना थांबायची हाताला सवयच नव्हती. ब्रश तिच्या रेघेवरून पुढे गेला आणि दम संपला तिथे उचलला गेला. पुसायला त्याने कापड उचललं. पण रेघ उजवीशी तंतोतंत जुळली होती. त्याने कापड खाली ठेवलं.

वर पारदर्शक लॅकरचे हात बसले, घासून पॉलिश झालं, आणि वायरमन टाकी न्यायला आला. त्याने टाकी उजेडात धरून नखाने चाचपली.

"सांधा लागतच नाही हो. काकूंची कुठली यातली?"

"ही काय, मागची," पेंटरने बोट ठेवलं. मग बोट जरा पुढे नेलं. मग मागे आणलं. टाकी तिरकी करून पाहिली.

"इथून... नाही, इथून असेल."

"घ्या, तुम्हालाच सापडेना," वायरमन हसला. "याला म्हणतात काम."

टाकी घ्यायला त्याने हात पुढे केले. पेंटर ती सोडत नव्हता. त्याचं नख रेघेवरून पुढे जात होतं, मागे येत होतं, आणि कुठेच अडत नव्हतं.